विसरलेला कोपरा आधी बघ

बाळा, जुईनगरच्या सेक्टर ११ मधलं ते भुयार तुला आठवत असेल. नोव्हेंबर २०१७ मधली गोष्ट. बँक ऑफ बडोदाच्या शाखेजवळचा एक गाळा चोरांनी काही महिने आधी भाड्याने घेतला, तिथे जनरल स्टोअर थाटलं आणि आतून जमीन पोखरत थेट लॉकर रूममध्ये निघाले. दुसरा शनिवार आणि रविवार जोडून आल्याने बँक बंद होती. सोमवारी, १३ तारखेला, शाखा उघडली तेव्हा ३० लॉकर फोडलेले होते. शटर आणि कुलूप जिथल्या तिथे होतं. जमिनीकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.

तू आता लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम अंगावर घेतलं आहेस. नेरूळचा दातांचा दवाखाना, सानपाड्याचे क्लासेस, तुर्भ्याच्या मार्केटमधला व्यापारी, आपल्या सेक्टरातल्या डबेवाल्या ताई. मी ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात सर्व्हर सांभाळण्यात नोकरी काढली, आणि इतक्या वर्षांत फोडलेल्या ज्या साइट पाहिल्या त्यांच्यात या भुयाराच्याच खुणा दिसल्या. शेजारचा गाळा, महिनोन्महिने आधीची तयारी, कुणी न पाहिलेली बाजू आणि सुट्टीचा दिवस. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते. हाताशी ठेव.

आपलं काय काय आहे, त्याची यादी कर

काम हातात घेतलंस की पहिल्या दिवशी डिझाइनला हात लावू नकोस. वही घे आणि मोजदाद कर. डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते, नूतनीकरणाचा मेल कुणाच्या पत्त्यावर जातो? होस्टिंग कुठलं? वर्डप्रेस असेल तर कुठली आवृत्ती, किती प्लगइन, किती थीम? अ‍ॅडमिनचे अधिकार किती जणांकडे? पैसे भरायचं पान आहे का? फॉर्ममधून आलेली माहिती कुठे साठते?

ही यादी करताना हमखास काहीतरी निघतं. आधीच्या डेव्हलपरने चाचणीसाठी 'टेस्ट' किंवा 'न्यू' नावाच्या फोल्डरात टाकलेली जुनी साइट निघते. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळी ऑफरचं पान निघतं. सोडून गेलेल्या माणसाचं खातं अजून चालू असतं. साइट हलवताना बनवलेली, सगळा डेटाबेस पोटात असलेली 'बॅकअप.झिप' फाइल सार्वजनिक फोल्डरात तशीच पडलेली असते. फाइलचं नाव कुणाला कसं कळणार, असं मालक म्हणतात. अरे, अशा ठरावीक नावांची यादी घेऊन बॉट रात्रंदिवस साइटमागून साइट धुंडाळत असतात. जे वापरात नाही ते काढून टाक. प्लगइन नुसतं बंद करून भागत नाही. बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर राहतात आणि त्यातलं भोक उघडंच असतं. पुरतं डिलीट कर.

"आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहे तरी काय?" हा प्रश्न तुला दर दुसरं गिऱ्हाईक विचारेल. त्याला शांतपणे समजावून सांग की चोराला बहुतेक वेळा तुमचा दवाखाना नको असतो, तुमचा सर्व्हर हवा असतो. त्यावरून हजारो स्पॅम मेल पाठवायचे, एखाद्या बँकेचं हुबेहूब खोटं पान तिथे मांडायचं, जुगाराच्या साइटच्या लिंका पेरायच्या, आलेल्या माणसाला भलतीकडे वळवायचं. गूगलमध्ये तुमच्या नावाला जी पत आहे ती वापरून घ्यायची. आणि फॉर्ममध्ये पेशंटचे फोन नंबर साठलेले असतील, तर तेही विकले जातात.

शेजार कोण आहे ते बघ

स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो साइट. चांगली कंपनी प्रत्येक खातं वेगळं, बंदिस्त ठेवते. पण खरा धोका आपण स्वतःच ओढवून घेतो. खर्च वाचवायला एकाच सीपॅनेल खात्यात दहा गिऱ्हाइकांच्या साइट घातल्या जातात. अशा खात्यात एका साइटच्या जुन्या गॅलरी प्लगइनमधून कुणी आत आला की बाकीच्या नऊ साइटींच्या फाइलींपर्यंत त्याला सरळ वाट असते. मग तू एक साफ करतोस, दुसरीतून तो पुन्हा येतो, आणि चार दिवस कळतच नाही की हे येतंय कुठून. सेक्टर ११ च्या त्या गाळ्याचं गणित हेच होतं. बँकेची भिंत मजबूत होती, शेजाराची मात्र कुणी चौकशी केली नव्हती.

म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र खातं, स्वतंत्र डेटाबेस, स्वतंत्र पासवर्ड. महिन्याला थोडे पैसे जास्त पडतील, ते बिलात स्पष्ट लाव आणि कारण सांग. चाचणीची साइट ठेवायचीच असेल तर तिला पासवर्ड घाल आणि काम संपलं की त्याच दिवशी उतरव.

अपडेट उद्यावर टाकू नकोस

२०१७ सालीच घडलेली दुसरी गोष्ट ऐक. वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत एक मोठं भोक सापडलं. लॉगिन न करता कुणीही साइटवरच्या लेखाचा मजकूर बदलू शकत होतं. वर्डप्रेसने २६ जानेवारीला ४.७.२ काढून ते बुजवलं, पण भोक नेमकं काय होतं हे मुद्दाम १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर केलं नाही, लोकांना अपडेट व्हायला वेळ मिळावा म्हणून. ज्यांचं आपोआप अपडेट चालू होतं ते बचावले. ज्यांनी ते बंद करून ठेवलं होतं त्यांच्या साइटवर पुढच्या काही दिवसांत टोळ्या तुटून पडल्या आणि जगभरात लाखो पानं विद्रूप झाली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, दुरुस्ती जाहीर झाली की चोरालाही भोक कळतं. त्या घडीपासून शर्यत सुरू होते. दुसरी, छोटी सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्यावीत. वर्डप्रेसमध्ये ही सोय २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून आहे, आणि प्लगइनसाठी स्वयंचलित अपडेटचं बटण २०२० च्या ५.५ पासून आलं. "अपडेट केलं की साइट तुटते" ही तक्रार खरी असते, पण त्यावर उपाय अपडेट टाळणं हा नव्हे. आधी बॅकअप घे, चाचणीच्या प्रतीवर अपडेट चालवून बघ, मग खऱ्या साइटवर कर. आठवड्यातला एक वार त्यासाठी बांधून ठेव.

प्लगइन निवडताना नुसते तारे बघू नकोस. शेवटचं अपडेट कधी झालं ते बघ. वर्ष-दीड वर्ष कुणी हात लावला नसेल तर पर्याय शोध. मालक बदलला का, तेही बघ. डिसेंबर २०१७ मध्ये 'कॅप्चा' नावाच्या एका प्लगइनमध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरासाठीचं मागचं दार, सापडलं. सुमारे ३ लाख साइटींवर ते बसवलेलं होतं. मूळ लेखकांनी प्लगइन विकलं होतं, आणि अपडेटच्या वाटेनेच नव्या हातांनी बॅकडोअर आत सरकवलं होतं. म्हणून प्लगइन जितके कमी तितकं बरं. जे काम दहा ओळींत होतं त्यासाठी प्लगइन नको.

आणि एक शपथ घे. विकतची थीम फुकटात देणाऱ्या साइटवरून काहीही उतरवायचं नाही. कुणीतरी लायसन्स मोडून ती फाइल वाटतो आहे, तर त्यात त्याने आपला माल घातला असेल हे धरूनच चालायचं. गिऱ्हाईक आग्रह करेल, "अहो, चार हजार वाचतात." तरी नाही म्हण. काम गेलं तरी चालेल.

पासवर्ड आणि अधिकार

प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड, आणि तो लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर. व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत आणि एक्सेलच्या शीटमध्ये पासवर्ड ठेवायचे नाहीत. टू-फॅक्टर सगळीकडे लाव, पण क्रम लक्षात ठेव. सगळ्यात आधी मेलच्या खात्याला, मग डोमेनच्या खात्याला, मग होस्टिंगला, आणि शेवटी वर्डप्रेसला. कारण मेल हातात आला की 'पासवर्ड विसरलो' म्हणून बाकी सगळं मिळवता येतं. डोमेन गेलं तर साइट कितीही भक्कम असो, पत्ताच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर ठेव, तुझ्या नावावर नको. उद्या तुमचं पटलं नाही तरी त्याचा धंदा अडता कामा नये.

जितकं काम तितकाच अधिकार. बातम्या टाकणाऱ्या मुलीला एडिटरचा अधिकार पुरतो, अ‍ॅडमिन कशाला? काम सोडून कुणी गेलं की त्याच संध्याकाळी त्याचं खातं बंद कर. यात राग-लोभ आणू नकोस. बहुतेक माणसं चांगलीच असतात, पण त्यांचा जुना पासवर्ड कुठल्या चोरीत बाहेर पडला आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं.

तुझा स्वतःचा लॅपटॉप हाही त्या साखळीतलाच दुवा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलंस तर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड एका झटक्यात उचलणारे प्रोग्राम त्यातून येतात. मग तुझ्या सगळ्याच गिऱ्हाइकांची दारं एकदम उघडतात. कामाच्या मशीनवर फक्त काम.

फाइलींची शिस्त

काही गोष्टी एकदाच करायच्या असतात आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतात. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ अशा परवानग्या ठेव. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलला याहून कडक. काही चालत नाही म्हणून ७७७ देऊन मोकळं होणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. अपलोड्सच्या फोल्डरात पीएचपी चालणारच नाही अशी सर्व्हरला सूचना दे. तिथे फोटो आणि पीडीएफ राहतात, प्रोग्रामचं तिथे काही काम नाही. डॅशबोर्डातून थीमच्या फाइली बदलायची सोय कॉन्फिगमधली एक ओळ टाकून बंद कर. लॉगिनच्या चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाल.

स्वतः कोड लिहीत असशील तर फॉर्ममधून आलेल्या कुठल्याही अक्षरावर विश्वास ठेवू नकोस. डेटाबेसला प्रश्न विचारताना प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापर, तुकडे जोडून वाक्य तयार करू नकोस. नोकरीच्या अर्जासाठी बायोडेटा अपलोड करायची सोय दिलीस तर फाइलचा खरा प्रकार तपास, नाव बदल, आणि शक्यतो सार्वजनिक फोल्डराच्या बाहेर साठव. पासवर्ड कधीही जसाच्या तसा साठवू नकोस, बीक्रिप्टसारख्या पद्धतीने हॅश कर. कार्डाचा नंबर तर आपल्या सर्व्हरला शिवूच देऊ नकोस, ते काम पेमेंट गेटवेच्या पानावर होऊ दे.

ब्राउझरमधलं कुलुपाचं चिन्ह दिसलं की साइट सुरक्षित, हा गैरसमजही गिऱ्हाइकाच्या डोक्यातून काढ. ते प्रमाणपत्र वाटेतला मजकूर कुणी वाचू नये यासाठी असतं. आत चोर बसला असेल तर त्याचाही व्यवहार त्याच कुलुपाखाली सुखरूप चालतो. प्रमाणपत्र हवंच, ते फुकट मिळतं, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नये.

बॅकअप: एक प्रत तारेला जोडलेली नको

आपल्यापासून जवळच, उरणच्या जेएनपीटी बंदरात २७ जून २०१७ नंतरचे दिवस कसे गेले ते इथल्या ट्रकवाल्यांना विचार. नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणा काही तासांत बसल्या. जेएनपीटीतलं जीटीआय टर्मिनल त्यांच्याच समूहाचं, तिथली संगणकी कामं ठप्प झाली, कंटेनर हाताने नोंदवायची वेळ आली. हल्ला झाला युक्रेनवर आणि रांगा लागल्या उरणच्या रस्त्यावर.

मर्स्क सावरली कशी, ते महत्त्वाचं. कंपनीच्या सगळ्या खात्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, सतत जोडलेले, म्हणून सगळे एकत्रच पुसले गेले. घाना देशातल्या कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती. तिथला एक सर्व्हर बंद होता, म्हणून तेवढा शाबूत राहिला. त्या एका प्रतीवरून त्यांनी पुन्हा उभारणी केली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक त्यांना दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले.

घानामध्ये वीज जाणं हा योगायोग होता. आपण तो योगायोग ठरवून घडवायचा. तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक जोडणी तोडून ठेवलेली. होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवरच पडलेला बॅकअप हा एकुलता एक बॅकअप धरू नकोस. सर्व्हर गेला तर तोही जातो. फाइली आणि डेटाबेस दोन्ही घे. आणि कमीत कमी तीन महिने मागच्या प्रती ठेव, कारण भुयार खणणारे आधीपासून आत असतात. कालच्या प्रतीतही त्यांची फाइल असू शकते.

तीन महिन्यांतून एकदा बॅकअपवरून साइट खरोखर उभी करून बघ. कोऱ्या होस्टिंगवर टाक, लॉगिन होतं का बघ, फोटो दिसतात का बघ, लागलेला वेळ वहीत लिही. उभी करून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा गिऱ्हाइकाला देऊ नये.

सुट्टीच्या आधी एक फेरी

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ चा. पंचांग काढून बघ, तोही दुसरा शनिवार होता. चोरांनी बँकेच्या मूळ यंत्रणेला बगल देऊन, एटीएमच्या विनंत्यांना परस्पर 'हो' म्हणणारा खोटा स्विच बसवला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या स्विफ्ट या संदेश यंत्रणेतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेही गुरुवारच्या रात्री, कारण तिथे शुक्रवारी सुट्टी.

म्हणून गणपती, दिवाळी, जोडून आलेल्या सुट्ट्या यांच्या आदल्या दिवशी प्रत्येक साइटवर अर्धा तास दे. बॅकअप झाला का, अपडेट थकलेलं आहे का, नवा अ‍ॅडमिन दिसतो का. साइट बंद पडली किंवा मुख्य फाइल बदलली तर फोनवर सूचना येईल अशी सोय लाव. आणि सुट्टीत फोन कोण उचलणार ते गिऱ्हाइकाला आधीच सांग.

मोठ्या कार्यालयांनाही हे टळत नाही. १४ जून २०२२ ला ठाणे शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर भलताच मजकूर झळकला. त्याच दिवसांत देशातल्या अनेक साइटींवर असे हल्ले झाले. तेव्हा आपली साइट फोडली गेली म्हणून गिऱ्हाइकाला खजील करू नकोस. पुढे काय करतोस यावरून तुझी परीक्षा होईल.

हॅक झालं, आता काय

आधी खात्री कर. मालक म्हणेल, "माझ्या लॅपटॉपवर तर नीट दिसते," आणि त्याचं म्हणणं खरं असतं. लॉगिन केलेल्या माणसाला चांगलं पान दाखवायचं आणि गूगलवरून मोबाइलने आलेल्यालाच जुगाराच्या साइटवर ढकलायचं, ही नेहमीची चलाखी आहे. म्हणून वायफाय बंद कर, मोबाइल डेटावर, इन्कॉग्निटोत, गूगलमध्ये नाव शोधून त्या निकालावरून आत जा. गूगलमध्ये 'साइट' शब्द, विसर्गासारखं चिन्ह आणि डोमेनचं नाव टाकून शोध. दातांच्या दवाखान्याच्या नावाखाली जपानी अक्षरांतली शेकडो पानं दिसली तर शंका उरत नाही. गूगल सर्च कन्सोलमध्ये सुरक्षेचा विभाग उघड, तिथे बऱ्याचदा नमुन्याची पानंही दिलेली असतात.

खात्री झाली की हा क्रम मोडू नकोस.

पहिलं, साइट लोकांसाठी बंद कर. देखभालीचं साधं पान लाव. येणाऱ्याचं नुकसान थांबणं सगळ्यात आधी.

दुसरं, जशी आहे तशी पूर्ण प्रत घे. फाइली, डेटाबेस आणि लॉग. बहुतेक जण घाबरून आधी सगळं पुसतात आणि चोर कुठून आला याचा एकमेव पुरावा हातचा घालवतात.

तिसरं, स्वच्छ संगणकावरून सगळे पासवर्ड बदल. मेल, डोमेन, होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, अ‍ॅडमिन. कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्यांच्या आठ ओळीही नव्या कर, म्हणजे जो कुणी आत बसलेला असेल त्याचं लॉगिन तत्क्षणी तुटेल.

चौथं, वाट शोध. इथे घाई करू नकोस. अ‍ॅक्सेस लॉग उघड आणि सावकाश वाच. समज तुला अशी ओळ दिसली: पहाटे ३ वाजून १२ मिनिटं, परदेशी आयपी पत्ता, विनंतीचा प्रकार 'पोस्ट', पत्ता अपलोड्सच्या २०२१ च्या फोल्डरातला, फाइलचं नाव 'इमेज-कॅशे' आणि शेवट पीएचपी, उत्तर २००. एकेक शब्द वाच. फोटोंच्या फोल्डरात पीएचपी कशाला? 'पोस्ट' म्हणजे कुणीतरी तिथे काहीतरी पाठवतो आहे. २०० म्हणजे सर्व्हरने ते निमूटपणे ऐकलं. हे त्याचं मागचं दार. आता तोच आयपी पत्ता लॉगमध्ये मागे मागे शोधत जा. त्या फाइलच्या आधी त्याने कुठल्या पानाला हात लावला? बहुतेक वेळा एखाद्या जुन्या स्लायडर किंवा फॉर्म प्लगइनच्या नावाशी तू पोचतोस. ती भुयाराची पहिली कुदळ. ती सापडेपर्यंत काम संपलं म्हणू नकोस.

त्यासाठी लॉग जुने राहिलेले हवेत. बऱ्याच स्वस्त होस्टिंगवर ते लवकर पुसले जातात. सीपॅनेलमध्ये लॉग साठवायचा पर्याय असतो, तो आजच चालू कर.

पाचवं, साफसफाई. वर्डप्रेसच्या मूळ फाइली काढून अधिकृत ठिकाणाहून नव्या टाक. प्लगइन आणि थीमही तशाच नव्याने. जुन्या फाइलींतून वाईट ओळी वेचत बसू नकोस, एखादी नजरेतून सुटतेच. अपलोड्स फोल्डर चाळ. 'एमयू-प्लगइन्स' फोल्डर बघ, त्यातलं काही नेहमीच्या यादीत दिसत नाही. एचटीअ‍ॅक्सेस फाइल, ठरावीक वेळी आपोआप चालणारी क्रॉनची कामं, अनोळखी अ‍ॅडमिन, डेटाबेसमधल्या लेखांत घुसवलेल्या स्क्रिप्ट, सगळं तपास. सर्च कन्सोलमध्ये परक्या माणसाने स्वतःला मालक म्हणून नोंदवलं आहे का, तेही बघ.

सहावं, भोक बुजवल्यावरच साइट उघड, आणि मग गूगलकडे फेरतपासणीची विनंती कर. काय सापडलं, काय काढलं, काय बदललं हे चार ओळींत स्पष्ट लिही. त्यानंतरचे पंधरा दिवस रोज लॉग बघ. चोर आपलं दार अजून उघडतं का ते बघायला परत येतो.

लपवू नकोस

सर्ट-इन ही केंद्र सरकारची यंत्रणा २००४ पासून अशा घटना हाताळते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आणि लॉग १८० दिवस जपायचे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवायचा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदव. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय तर आपल्या महापेलाच आहे. तू घेतलेली ती जशीच्या तशी प्रत इथे कामी येते.

लोकांची माहिती बाहेर गेली असेल तर त्यांना सांगायला लाव. मालक म्हणेल, "बोभाटा नको." त्याला सांग की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न जपल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायद्याच्याही आधी माणुसकी येते. ज्या बाईने विश्वासाने आपला फोन नंबर आणि दुखण्याची माहिती त्या फॉर्ममध्ये भरली, तिला उद्या 'दवाखान्यातून बोलतोय' म्हणून खोटा फोन येऊ शकतो. तिला आधी सावध करणं हे आपलं कर्तव्य आहे.

रागाच्या भरात चोराच्या सर्व्हरवर उलट हल्ला करू नकोस, आणि कुणाच्याही साइटची लेखी परवानगीशिवाय 'नुसती तपासणी' करू नकोस. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीविना, लबाडीच्या हेतूने आत शिरणं हा गुन्हा ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझा हेतू चांगला होता हे कोर्टात सिद्ध करत बसायची वेळ आणू नकोस.

मोबदला ठरव, मग काम घे

साइट बनवायचे पैसे सगळे देतात, सांभाळायचे द्यायला कुरकुरतात. वार्षिक देखभालीचा करार लेखी कर. आठवड्याचं अपडेट, रोजचा बॅकअप, तिमाही चाचणी, अडचणीच्या वेळी किती तासांत हजर राहणार, सगळं त्यात लिही. महिन्याला एका पानाचा अहवाल पाठव. काहीच घडलं नाही त्या महिन्यातही पाठव, कारण काही घडलं नाही यामागे तुझे कष्ट आहेत हे त्याला कळायला हवं. जो देखभाल नको म्हणतो त्याच्याकडून तसं लिहून घे. आणि वीस साइट नीट सांभाळता येत असतील तर एकविसावी घेऊ नकोस.

या रविवारी वही घेऊन बस आणि पहिली यादी पूर्ण कर. डबेवाल्या ताईंपासून सुरुवात कर, त्यांच्या साइटवरूनच त्यांना ऑर्डर येतात, एक आठवडा बंद राहिली तर घर चालणं अवघड. काही विचित्र दिसलं तर रात्री कितीही वाजले असले तरी मला फोन कर. फक्त त्याआधी काही पुसू नकोस. प्रत घे, लॉग उतरवून ठेव, मग आपण दोघं मिळून बघू.